लाकडी माशांची दुसरी इनिंग

गाड्यांच्या रंगावर पोट असलेल्या आपल्या शहरात एक चिमुकलं पेंट शॉप रावेतच्या एका फ्लॅटच्या बाल्कनीतही चालतं. तिथे रंगायला येतात मासे... तेही लाकडाचे!

पिंपरी-चिंचवडमध्ये रंगकामाची सगळ्यात कडक परीक्षा कोण घेत असेल? तुम्ही म्हणाल, एखाद्या कार कंपनीत असेंब्ली लाइनच्या शेवटी उभा असलेला क्वालिटीवाला. ट्यूबलाइटच्या झगझगाटात बॉनेटकडे तिरकं बघत केसाएवढा ओरखडा पकडणारा. सॉरी बॉस, उत्तर चुकलं! त्याच्याहून खडूस परीक्षक पाण्यात राहतो. त्याचं नाव मरळ. जबडाभर टोकदार दात आणि स्वभाव एकदम भांडकुदळ. तिच्यासमोर रंगवलेला लाकडी मासा टाका. ती आधी कडकडून चावते, मग झटका देऊन खाली ओढते, पाणगवतातून आणि दगडांवरून फरफटवते. त्यात जमलंच तर थुंकून निघून जाते. एवढं सगळं सोसून ज्याचा रंग शाबूत राहिला, तो पास.

बहुतेक सगळे नापास होतात. मग ते आमच्या सोसायटीतल्या एका काकांकडे येतात.

लुअर म्हणजे काय रे भाऊ?

ज्यांचा माशांशी संबंध फक्त शुक्रवारच्या फिश थाळीपुरता आहे, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा लावून तासन्‌तास बसणं ही एक पद्धत. दुसरी पद्धत लुअरची. लुअर म्हणजे खोटा मासा. बोटभर लांबीचा लाकडाचा तुकडा माशाच्या आकारात घडवायचा, पोटाखाली तीन टोकांचे गळ लटकवायचे आणि तोंडाशी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची छोटीशी जीभ बसवायची. दोरा ओढला की जीभ पाणी कापते आणि तो लाकडाचा तुकडा जखमी माशासारखा डावी-उजवीकडे डोलत पुढे येतो. मोठ्या माशाला वाटतं, चला, फुकटचा नाश्ता!

आता बाजारात प्लॅस्टिकचे लुअर ढिगाने मिळतात. तरी जुने शौकीन लाकडी लुअर सोडत नाहीत. लाकूड हलकं असतं, पाण्यात त्याची वळवळ वेगळी दिसते, असं त्यांचं म्हणणं. आणि मुख्य म्हणजे लाकडाचा लुअर दुरुस्त करता येतो.

काकांची अर्धी हयात आकुर्डीजवळच्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये गेली. रविवारची सुट्टी मात्र कायम पाण्याच्या काठावर. रिटायर झाल्यावर दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र केल्या. त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांना लटकलेले सात-आठ मासे मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला ती कुठल्याशा मुलाची प्रोजेक्ट वाटली होती. पण ते काम चाललं होतं चौदा लुअरच्या एका डब्यासाठी, आणि तो डबा काकांचा नव्हता.

चौदा लुअर, तीन ढीग

डबा होता काकांच्या जुन्या मित्राचा. दोघं एकाच शिफ्टला, एकाच बसने कामावर जाणारे, एकाच काठावर बसणारे. मित्र दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची मुलगी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. घर बदलताना माळ्यावर हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला आणि ती तो थेट काकांकडे घेऊन आली.

"काका, हे सगळे नव्यासारखे करून द्याल?"

काकांनी डबा उघडला, एकेक लुअर चष्म्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाले, "देईन की. पण बाळा, नवे करायचेत की तुझ्या बाबांचे ठेवायचेत? आधी ते ठरव."

या एका प्रश्नासाठी मी पुढचे तीन रविवार काकांच्या बाल्कनीत काढले. कारण जुन्या वस्तू रंगवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी गाठतोच. आजीची पितळी डब्यांची मांडणी असो, आजोबांची सायकल असो. चकचकीत केली की ती वस्तू आपली होते आणि थोडी त्यांची राहत नाही.

काकांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि चौदा लुअरचे तीन ढीग केले.

पहिल्या ढिगात सहा. रंगाचे पोपडे निघालेले, लाकूड उघडं पडलेलं. हे पूर्ण खरवडून नव्याने रंगवायचे. दुसऱ्या ढिगात पाच. रंग बऱ्यापैकी टिकलेला, पण दातांच्या खुणा आणि गळ घासून पडलेले ओरखडे. यांना रंग नाही, फक्त सील. तिसऱ्या ढिगात तीन. त्यांना हातच लावायचा नाही.

"यांचं काय वाईट झालंय?" तिने तिसऱ्या ढिगाकडे बोट दाखवलं.

"काहीच नाही. जुनं परदेशी काम आहे, डोळे काचेचे आहेत. यावर ब्रश फिरवला तर किंमत जाईल."

काका म्हणतात ते खरंच आहे. अमेरिकेत जुने लुअर जमवणाऱ्यांचा १९७६ पासून चक्क राष्ट्रीय क्लब आहे. तिथल्या जेम्स हेडन नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकडाचे बेडूक कोरायला सुरुवात केली आणि पुढे त्याच्या कंपनीचे लाकडी लुअर जगभर गेले. अशा जुन्या लुअरवर मूळ रंग किती शिल्लक आहे यावर त्याची किंमत ठरते. हौसेने नवा रंग दिला की संग्राहकाच्या दृष्टीने त्याचं मोल घसरलंच.

पाणी शिरतं कुठून?

लुअरचा रंग का उडतो? दात लागतात म्हणून, हे अर्धंच उत्तर. दात फक्त दार उघडतात. घर लुटतं ते पाणी.

सुतार मंडळींना हे पाठ असतं. लाकूड पाणी प्यायलं की लांबीला जवळजवळ वाढत नाही, जाडीला आणि रुंदीला मात्र फुगतं. त्याच्यावरचा रंगाचा थर तेवढा ताणला जात नाही. मग रंगाला लाकडाच्या रेषेरेषेने बारीक भेगा पडतात, भेगांतून आणखी पाणी शिरतं, लाकूड आणखी फुगतं. आणि पाणी सगळ्यात जास्त शिरतं ते दोन जागांनी. एक, नाक आणि शेपूट, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं आणि त्याच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात. दोन, गळ अडकवायच्या आकड्यांची भोकं. पडद्याची स्प्रिंग अडकवायला जी डोळ्याची आकडी वापरतो ना, तशीच छोटी आकडी लुअरच्या पोटात फिरवलेली असते. मासा झटके देतो, आकडी हलते, भोक सैल होतं. वरून सगळा रंग ठीक दिसतो आणि आतून लुअर ओला होत असतो.

ओला लुअर नुसता कुजत नाही, तो पोहायचाही बंद होतो. वजन वाढतं, तोल सरकतो, डोलणं थांबतं. काकांनी डब्यातला एक लुअर सोनारांकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवला, वजन लिहून घेतलं, आकड्या काढल्या आणि तो इन्व्हर्टरच्या उबेला ठेवून दिला. पुढच्या रविवारपर्यंत जवळजवळ दीड ग्रॅम उतरला होता. बोटभर लाकडातून दीड ग्रॅम पाणी! सलग तीन दिवस काटा हलला नाही, तेव्हाच काकांनी त्याला पुढच्या कामासाठी हातात घेतलं. "ओल्या लाकडावर सील मारणं म्हणजे ओल्या भिंतीवर डिस्टेंपर. पाणी आतच कोंडतं."

पत्र्याचा क्रम, लाकडाचा मासा

आता येऊ या काकांच्या खऱ्या विषयावर. चाकण ते पिंपरी हा पट्टा ज्या गाड्या बनवतो, त्यांचा रंग एका ठरलेल्या क्रमाने चढतो. आधी पत्रा धुतात, तेलाचा अंश काढतात, फॉस्फेटचा थर देतात. मग अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या जोरावर पहिला थर बसवतात आणि भट्टीत भाजतात. त्यावर प्रायमर. मग बेस कोट, म्हणजे शोरूममध्ये तुम्ही बायकोशी भांडून निवडलेला तो रंग. आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण एक दशांश मिलिमीटर. ऊन, पाऊस आणि शेजाऱ्याच्या पोराचा क्रिकेटचा बॉल यांना तोंड देतो तो वरचा क्लिअर कोट. रंग त्याच्या आड निवांत बसलेला असतो.

लाकडाला विजेची आंघोळ चालत नाही, भट्टी तर नाहीच नाही. पण क्रम तोच: साफ करा, बंद करा, पांढरा करा, रंगवा, पुन्हा बंद करा. फरक एवढाच की लाकडाला दोनदा बंद करावं लागतं. रंगाच्या खाली एकदा, वर एकदा.

पहिल्या ढिगातले सहा या वाटेने गेले. जुना रंग पाण्यात बुडवलेल्या वॉटर पेपरने घासून काढला. सुरुवात २२० नंबरने, शेवट ४०० ने. दातांची खोल भोकं इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून भरली. बारीक भोकांत आणि आकडीच्या खड्ड्यांत पातळ इन्स्टंट ग्लूचे थेंब सोडले; तो लाकडात झिरपतो आणि आतल्या आत घट्ट होतो. मग फर्निचरवाले वापरतात तो सँडिंग सीलर, दोन हात. एक हात वाळला की अंगावर उठलेले लाकडाचे बारीक तंतू हलकेच घासायचे, मगच दुसरा.

त्यावर पांढरा रंग. "पांढरा नसेल तर कुठलाच रंग बोलत नाही," हे काकांचं फॅक्टरीतलं वाक्य. मग फिकटाकडून गडदाकडे: पोट पांढरं, बाजू चंदेरी, पाठ काळपट हिरवी. निसर्गातला मासा असाच असतो. वरून बघणाऱ्याला त्याची गडद पाठ तळाच्या काळोखात मिसळते, खालून बघणाऱ्याला त्याचं फिकट पोट आभाळाच्या उजेडात.

खवल्यांची मात्र गंमत आहे. खवले ब्रशने काढायचे नाहीत. पिंपरी कॅम्पातून आणलेला ओढणीच्या नेटचा तुकडा लुअरवर ताणून बांधायचा आणि वरून स्प्रे मारायचा. जाळीच्या दोऱ्यांखाली आधीचा चंदेरी रंग राहतो, भोकांमधून गडद रंग बसतो. नेट सोडवलं की अंगभर खवले! तिने पहिल्यांदा नेट सोडवलं तेव्हा ती पाचवीतल्या मुलीसारखी ओरडली. मग काकांनी तिलाच उरलेले पाच करायला बसवलं.

मी विचारलं, "काका, माशांना खरंच एवढे रंग कळतात?"

"रंग बघून गिऱ्हाईक फसतं, मासा फसतो हालचालीला," काका म्हणाले. "तरी आपण रंगवायचं. आपल्याला फेकताना बरं वाटतं." यात काकांच्या अनुभवाइतकंच शास्त्रही आहे. पाण्यात खोल जाऊ तसा उजेड गाळला जातो आणि तांबडा रंग सगळ्यात आधी हरवतो. लालभडक लुअर खोलात गेला की काळपटच.

चॉकलेटची चांदी

सील किती महत्त्वाचं, हे सांगणारी लुअरच्या दुनियेतली एक मशहूर गोष्ट आहे. फिनलंडमधल्या लाउरी रापाला या मच्छीमाराने १९३६ मध्ये स्वतःसाठी एक लुअर बनवला. अंग बुचाच्या लाकडाचं, कोरायला चांभाराची रापी. चमक हवी म्हणून त्याने वर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली. पण ती चांदी पाण्यात टिकणार कशी? मग त्याने फोटोच्या निगेटिव्ह वितळवल्या आणि तो पारदर्शक रस वरून चढवला. पुढे त्याच्या नावाची कंपनी झाली आणि लुअर जगभर विकले गेले. पण मूळ जुगाड बघा: रंगाला पैसे नव्हते तरी सीलची सोय त्याने केलीच होती.

आपल्याकडे लाकूड रंगवायची परंपरा काही कमी नाही. सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी घराघरांत आहेत. तिथल्या गंजिफांच्या पत्त्यांना चिंचोक्याच्या खळीचा थर देऊन, रंगवून वरून लाखेचा हात दिला जातो. शोकेसमध्ये आणि हातात हे काम पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. लुअर मात्र तासन्‌तास पाण्यात राहतो. खळ तिथे विरघळेल, आणि लाख पाण्यात फार वेळ राहिली की पांढुरकी पडते. म्हणून लुअरच्या वरच्या थराला लागतं इपॉक्सी नाहीतर गाड्यांचं क्लिअर.

बाल्कनीत काय चालणार नाही

इथे काका एकदम सीरियस होतात. गाड्यांचं टू-के क्लिअर, म्हणजे दोन डब्यांतलं मिसळून मारायचं ते क्लिअर, आरशासारखं चमकतं आणि दगडासारखं घट्ट होतं. आपल्या भागात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज दर चौकात, त्यामुळे ते मिळतंही सहज. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांची फवारणी श्वासात गेली तर कायमचा दमा लागू शकतो आणि एकदा शरीर बिथरलं की नंतर थोडासा वाससुद्धा झेपत नाही. साधा कापडी मास्क त्यापुढे काहीच नाही. काकांच्या लाइनवरच्या एका सहकाऱ्याला याच त्रासाने पेंट शॉप सोडावं लागलं होतं. "फ्लॅटमध्ये टू-के नाही. शेजारी बाळ आहे, वर म्हातारे आजोबा आहेत. हवंच असेल तर गॅरेजवाल्याच्या बूथमध्ये मारून आणायचं."

दुसरी काळजी जुन्या रंगाची. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. म्हणून जुना लुअर कोरडा घासायचा नाही. ओला घासा, निघालेला लगदा कागदात गुंडाळून टाका आणि लहान मुलांना तेवढा वेळ लांब ठेवा.

आणि तिसरी गोष्ट खास रावेतकरांसाठी. थिनरचा ब्रश बेसिनमध्ये धुऊ नका. पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी महापालिका आपल्या रावेतच्या बंधाऱ्यावरच उचलते आणि निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध करून शहराला पुरवते. तुम्ही ऑफिसच्या कूलरमधून ग्लास भरता तेव्हा बहुतेक आमच्या रावेतचंच पाणी पिता. नदीच्या नावाने छंद करायचा आणि तिच्यातच थिनर सोडायचा, हे काही बरं नाही. काका वापरलेला थिनर झाकणबंद बरणीत निवळू देतात. वरचा स्वच्छ भाग पुन्हा ब्रश धुवायला, खालचा गाळ वाळवून घातक कचऱ्यात वेगळा.

दुसऱ्या ढिगाची गोष्ट

उरले पाच. ज्यांना रंग नाही, फक्त सील.

खरं तर तिला हेही रंगवायचे होते. एक लुअर तर चिलापीसारखा दिसायचा आणि त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी दातांच्या खोल रांगा होत्या. ती म्हणाली, "हा किती खराब झालाय."

काकांनी तो हातात घेतला. "हा खराब नाही झाला. तुझ्या बाबांनी हा टाकला, तेव्हा मी शेजारीच होतो. मरळ एवढी होती," त्यांनी हात पसरले आणि मग प्रामाणिकपणे थोडे जवळ आणले. "जाळीत घेता घेता सुटली. तो चहावाल्यापाशी बसून अर्धा तास हसत होता. रंगवलास तर हे दात पुट्टीखाली जातील."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने तो लुअर स्वतःच साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ करायला घेतला.

फक्त सील करायचं कामही वाटतं तितकं सोपं नाही. आधी लुअर पूर्ण वाळवायचा. दातांच्या भोकांत पातळ ग्लू सोडायचा, पण भोक बुजवायचं नाही. मग अंग १००० नंबरच्या वॉटर पेपरने इतकं हलकं घासायचं की रंग जाऊ नये आणि नवा थर पकडला मात्र जावा. त्यावर दोन भागांचं पारदर्शक इपॉक्सी, डब्यावर लिहिलेल्या मापानेच. अंदाजपंचे ओतलं तर ते कायमचं चिकट राहतं. मिसळताना सावकाश, नाहीतर बुडबुडे होतात. मऊ ब्रशने पातळ थर द्यायचा. आलेच बुडबुडे, तर हेअर ड्रायरची गरम हवा लांबून.

आता खरी अडचण. इपॉक्सी तासन्‌तास ओलं राहतं आणि ओघळतं. लटकवलं तर सगळं शेपटीला जमून थेंब तयार होतो. म्हणून लुअर आडवा धरून सतत हळूहळू फिरवत ठेवावा लागतो. परदेशात यासाठी खास यंत्रं विकत मिळतात. काकांकडे आहे गणपतीच्या आराशीत देवामागचं चक्र फिरवणारी मोटर! भाद्रपदात बाप्पामागे, बाकी वर्षभर माशांमागे. पाच लुअर चार तास त्या चक्रावर फिरले आणि रात्रभर धूळ बसू नये म्हणून खोक्याखाली वाळले.

दुसऱ्या दिवशी त्या लुअरवर बोट फिरवलं तर काच. आणि काचेखाली दातांच्या दोन रांगा, आहे तशा.

पाण्यात की शोकेसमध्ये?

रंगवलेला लुअर पोहतो की नाही, हे पाण्यात घालूनच कळतं. कपडे भिजवायचा मोठा टब भरला, दोऱ्याने एकेक लुअर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. सहापैकी एक कुशीवर कलंडला. काकांनी जीभ किंचित वाकवली, पुन्हा ओढला, सरळ. इपॉक्सीचा जाड थर चढला तर वजन वाढून लुअरचं डोलणं मंदावतं, म्हणून थर पातळ हवा, हे त्या टबापाशी पटतं.

चिलापी छान डोलली. तिने लगेच विचारलं, "काका, हा धरणावर टाकायचा?"

"अडकला कुठे खडकात, तर गेला. परत नाही मिळायचा."

ती जरा थांबली. "बाबा काय शोकेससाठी घ्यायचे का?"

काकांनी हसून पक्कड उचलली आणि चिलापीचे तीन टोकांचे गळ काढून एका टोकाचे, काट्याशिवायचे बसवायला घेतले. यामागे एक कारण आहे. गळाच्या टोकापाशी जो उलटा काटा असतो, तो नसला की मासा फारशी इजा न होता सोडता येतो. महसीरसाठी तर हे हवंच. या माशाशी पुणे जिल्ह्याचं नातं जुनं आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं वर्णन केलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचं नावच शास्त्राला दिलं. १८३९ मध्ये मिळालेल्या त्या नावानेच आज जगभर तो मासा टॉर खुद्री आहे. आपली पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, म्हणजे हे आपल्याच नदीघराण्यातलं नाव. लोणावळ्याला वळवण तलावाजवळ टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवली. तेव्हा असा मासा चुकून लागलाच, तर फोटो काढा आणि सोडून द्या.

गळ बदलल्यावर वजन बदललं, म्हणून चिलापी पुन्हा टबात. पुन्हा काटा, पुन्हा दोरा. टेस्टिंगवालीला हे पटलं. "म्हणजे काका, रिग्रेशन टेस्टिंग!" काकांना शब्द कळला नाही, पण मान मात्र डोलली.

---

करून बघायचंय? हे लक्षात ठेवा

• पावसाळ्यात हे काम नको. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते आणि इपॉक्सीचा पृष्ठभाग चिकट राहतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

• नवा रंग आणि नवं क्लिअर यांची ओळख आधी आइस्क्रीमच्या काडीवर करून द्या. तीव्र थिनरचं क्लिअर साध्या स्प्रेच्या रंगावर मारलं तर रंग सुरकुततो.

• खिडक्या उघड्या, हातात मोजे, इपॉक्सी त्वचेला लागू देऊ नका.

• वजन तीनदा करा: आणल्यावर, वाळल्यावर, सील झाल्यावर.

• आकड्या परत फिरवताना भोकात इपॉक्सीचा थेंब टाका. पाणी तिथूनच शिरतं.

• रबराचे मऊ लुअर आणि रंगवलेले लाकडी लुअर एका डब्यात ठेवू नका. रबरातलं रसायन रंग विरघळवतं.

• धरणावर किंवा तलावावर गळ टाकण्याआधी परवानगी विचारा. तिथले मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार संस्थांकडे असतात आणि ते त्यांच्या पोटाचं साधन आहे.

• शेवटच्या थराआधी पोटावर बारीक पेनाने तारीख लिहा. काकांनी चिलापीवर दोन तारखा लिहायला सांगितल्या: एक सीलची, आणि तिच्या वर, आठवून आठवून, ती मरळ सुटली त्या दिवसाची.